झिंगे भाजायची जाळी

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर लसूण सोलला.

कार्तिकातली दुपार उतरत होती. सुमन पाटावर, मी बाजेवर, मधे सूप. लसूण गावरान, बारीक पाकळीचा, साल नखात शिरते असा. माझ्या चार पाकळ्या होईपर्यंत तिच्या मूठभर होत. "राहू द्या तुमी," ती म्हणाली, "तुमच्या हातात वखर शोभते, लसूण नाई." मी म्हटलं, "मंग बसवलं काऊन मले?" तर म्हणते, "गप्पा माराले कोणी पायजे ना." गप्पा काही मारल्या नाहीत. तिनं सूप पाखडलं, सालं उडून माझ्या धोतरावर आली, ती हसली. मी झटकली नाहीत. एवढंच.

त्यानंतर तिनं निखारे पाडले, झिंगे भाजले, आम्ही जेवलो. पण झिंगे भाजणं रोजचं नव्हतं, म्हणून ते मी यात धरत नाही. लसूण रोजचा. दुसऱ्या दिवशी सकाळी वांग्याचा तोडा करता करता सुमन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसली, ती बसलीच. टोपली अर्धी भरली होती. वर्ध्याच्या डॉक्टरनं हात लावून सांगितलं, हार्ट होतं, आधीपासूनच असेल, कोणाला कळलं नसेल.

डॉक्टरचं कोणी ऐकलं नाही. गावानं माझ्या वहिनीचं ऐकलं.

आता पुन्हा कार्तिक आला आहे. तुरी पिवळ्या झाल्या. कापसाचा पहिला वेचा घरोघरी येऊन पडला आहे. धाम नदीचं गढूळ पाणी निवळलं, काठावरचे गोटे दिसू लागले. सकाळी मेथीच्या वाफ्यात पाय टाकला की दवानं पोटऱ्या भिजतात. हा महिना सुमनचा आवडता. "ना ऊन, ना पाणी, ना शेजारणीचं तोंड," असं म्हणायची, कारण वहिनी महिनाभर पहाटे काकड्याला आणि संध्याकाळी भजनाला देवळात असायची. मीही याच महिन्याची वाट पाहत होतो, वर्षभर. आवडीनं नाही. बैलानं एकदा शिंग मारलं तर माणूस ते शिंग विसरतो का? लोक मला सांगतात, किसनाभाऊ, राग सोडून द्या. सोडून द्यायला राग म्हणजे दावणीचं जनावर आहे का? सोडला तरी संध्याकाळी घरीच येतो.

घराचं आधी सांगतो, म्हणजे ध्यानात येईल. घर एक, दारं दोन. डावीकडे थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, आणि वहिनी. उजवीकडे मी आणि सुमन. अंगण एकच आणि अंगणाच्या मधोमध तुळशीचा ओटा. मागं कोठा, त्यात दोघांची जनावरं. दादा-वहिनीच्या गळ्यात माळ. माळेचं घर म्हटलं की मासळी-मटन चुलीवर चालत नाही. आमच्याकडे ज्याला खायचं त्यानं कोठ्याच्या मागं तीन दगड मांडायचे, भांडं वेगळं ठेवायचं, ते भांडं घरात आणायचं नाही, लिंबाला टांगायचं. खाल्ल्यावर अंघोळ करून मग आत. ही रीत माझ्या आईच्या वेळेपासूनची. रीतीवर माझा राग नाही. रीत काय, धुऱ्यासारखी असते, कोणीतरी घालून ठेवलेली.

सुमनचं माहेर भंडाऱ्याकडचं, तलावाच्या काठचं. ती झिंग्यांवर वाढलेली बाई. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या हिवाळ्यात रडत होती. मला वाटलं आईची आठवण येते. तर म्हणे, "आईची नाई वो, झिंग्याची." मग मी नदीवर गेलो, दुपट्टा लावून बारके झिंगे धरून आणले. पोरपणी मी आणि दादा तेच करायचो, एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या, गुडघाभर पाण्यात. तेव्हा दादाच्या गळ्यात माळ नव्हती. माळ लग्नानंतर आली, वहिनीच्या माहेरच्या महाराजांच्या हातून. माळ आली, पण जीभ तीच राहिली.

हे सुमननं पहिल्या वर्षीच ओळखलं. कोठ्यामागं रस्सा शिजला की दादा बैलाला पाणी दाखवायच्या निमित्तानं येऊन उभा राही. काही बोलत नसे. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. आमच्याकडे सून भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेते, त्याच्याशी तोंडातोंडी बोलत नाही. सुमन माझ्या घरात जन्मभर राहिली, पण दादाशी एक शब्द बोलली नाही. बोलली नाही, पण जर्मनच्या वाटीत त्याचा वाटा काढून गव्हाणीच्या कोपऱ्यात ठेवून द्यायची, वर भाकरीचा तुकडा झाकण म्हणून. मग खाकरायची. आम्ही इकडे तोंड करून बसायचो. थोड्या वेळानं वाटी धुतलेली, उपडी असायची. असं किती वर्षं चाललं, मी मोजलं नाही. वैशू, आमची एकुलती एक पोरगी, जन्मली, मोठी झाली, लग्न होऊन नागपूरला गेली, वाटी चालूच.

एकदा वहिनीशी माझं कडाक्याचं भांडण झालं. मी तावात येऊन म्हटलं, आज सांगतोच मी माळकऱ्याच्या वाटीचं. सुमननं माझा हात धरून आत नेलं. "भासऱ्याचं नाव तोंडातून काढसान तं माह्यी आन हाय तुमाले. माणूस खाऊन जाते, त्याचा गवगवा करत नाई कोणी." मी शब्द दिला. तो शब्द पुढं माझ्या गळ्याशी असा लागेल, तेव्हा काय माहीत?

गेल्या वर्षीच्या दिवाळीत वैशू आली होती. तिच्या मोबाईलवर थायलँडमधली एक बाई होती. थायलँड कुठं आहे मला ठाऊक नाही. वैशू म्हणाली, विमानानं जावं लागते. ती बाई नदीकाठच्या आपल्या घरासमोर उकिडवी बसून मोठाले झिंगे भाजत होती, निळ्या नांग्यांचे, हातभर. साल काढलेली नाही, मसाला लावलेला नाही. सुमन मोबाईल डोळ्यांशी नेऊन पाहत राहिली. तिची भाषा आम्हाला कळत नव्हती, पण सुमनला हात कळत होते. "हे पाह्य, सांबाराच्या मुळ्या घेतल्या तिनं." सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. आम्ही भाजीवाले, मुळ्यांसकट जुड्या बांधतो, गिऱ्हाईक घरी नेऊन मुळ्या फेकून देते. सुमन नेहमी म्हणायची, खरा वास मुळीत असते, लोकं पाला खातात अन् वास फेकतात. त्या बाईनं मुळ्या, लसूण, हिरव्या मिरच्या खलात कुटल्या, वर लिंबू पिळलं, साखर टाकली, आणि एका बाटलीतून तांबूस पाणी ओतलं. बाटलीत काय ते वैशूनं सांगितलं, मासे मुरवून काढलेलं खारं पाणी.

"ते कुठून आणाव?" वैशू म्हणाली.

"आणाव कायले? वाळली झिंगी हाय ना डब्यात. मीठ टाकून भिजवून ठेवते. त्याचंच पाणी."

"आई, वास येईन."

"तिले नाई येत वास? तिच्या दारी तं कोणी नाक नाई धरून राह्यलं."

मोबाईल परत दिला तेव्हा मला म्हणाली, "पाह्यलं का तुमी? घरासमोर बसते ती. समोर. मी काऊन मांगं बसू जनमभर?"

दिवाळीची साडी नको म्हणाली. जाळी करून द्या. तशी, त्या बाईकडे होती तशी. आमच्या जुन्या दमणीची, म्हणजे हलक्या बैलगाडीची, चाकं कोठ्यात पडून होती. त्यातल्या एका चाकाची लोखंडी धाव मी लोहाराकडे नेली, त्यानं पट्ट्या कापून, ठोकून चौकोनी जाळी केली, दोन्हीकडे कड्या. जड होती. सुमननं ती राखेनं घासली, तेल लावलं, उन्हात ठेवली, पुन्हा घासली. ज्या दमणीत बसून ती या घरी आली होती, तिचंच ते लोखंड. मी तिला ते सांगितलं. म्हणाली, "मंग चांगलं. मी आली तवा त्यानं माह्यं ओझं उचललं, आता झिंगे उचलीन."

पहिल्यांदा भाजले ते कोठ्यामागंच. ढिवरीण बाई शेवंता धरणातले मोठे झिंगे आणते, बर्फाच्या डब्यात, पोराच्या गाडीवर मागं बसून. सुमननं सवयीनं हळद-तिखट-मीठ काढून ठेवलं होतं. वैशू तेव्हा जायच्या बेतात होती. म्हणाली, "आई, काही लावाचं नाई." "काहीच नाई? मीठबी नाई?" "काहीच नाई." "बाप्पा! हे तं बिमाऱ्याचं जेवण झालं." बाभळीचे निखारे राखेनं दाबून मंद केले. झिंगा आधी निळाकाळा, पाण्यासारखा आरपार. मग पाय आखडतात, मग पाठीवरून एक लाली चढत जाते, सकाळी आभाळ तांबडं होतं तशी. डोक्यातलं पिवळं कवचातल्या कवचात उकळतं आणि त्याचा एक थेंब निखाऱ्यावर पडला की जो वास सुटतो, तो मी सांगू शकत नाही. माझी शाळा चौथीची. भाजलेलं कणीस आणि लोणी आणि नदी, असं काहीतरी. सुमननं तो उभा चिरला, डोक्यातलं पिवळं गरम भातावर ओतून कालवलं, वर त्या हिरव्या चटणीचं पाणी. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "आपण उगाच मसाला टाकत होतो वो इतके दिवस," म्हणाली. "चांगल्या मालाले मसाला लागतच नाई."

त्या दिवशीही वाटी गव्हाणीत गेली. दादानं वाटी धुऊन ठेवली आणि आमच्याकडे तोंड न करता बैलाला म्हणाला, "आज काई अलगच होतं लेका." सुमन पदराआड हसली.

आणि मग ती संध्याकाळ. लसूण सोलून झाला. वहिनी भजनाला गेली. सुमननं तीन दगड उचलून आणले आणि अंगणात मांडले, आमच्या दारासमोर, तुळशीपासून चांगलं लांब. मी म्हटलं, "आज इथं?" ती म्हणाली, "आजच इथं." पदर खोचून ती उकिडवी बसली, त्या मोबाईलवाल्या बाईसारखी. रस्त्यानं जाणारे पाहत होते. तिनं मान खाली घातली नाही. दादाची वाटी तिनं तेवढी मागं नेऊन ठेवली, नेहमीच्या जागी. मोठा झिंगा त्याला दिला, मला लहान. मी कुरकुरलो तर म्हणाली, "थोरले हायेत."

वहिनी परत आली तेव्हा निखारे विझत होते. तिनं नाकाला पदर लावला. "तुळशीसमोर किडे भाजले? तुळशीसमोर?" सुमन उभी राहिली. हात राखेचे होते. "तुळशीले पाठ करून बसलती मी, बाई. दुसरीकडे तोंड होतं माह्यं." वहिनी म्हणाली, "पाह्यजो, तुळस सोडणार नाई." असं कोणीही रागाच्या भरात म्हणतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन गेली, आणि ते वाक्य खरं होऊन बसलं.

मयतीला येणाऱ्या प्रत्येक बाईला वहिनी तेच सांगे. रडत रडत सांगे. ते रडणं खोटं होतं असंही नाही. "म्या म्हटलं होतं वो तिले. किडे खाल्ले, तुळशीसमोर. रातभरात नेलं." बाया हातावर हात मारत. वहिनी वाईट बाई नाही, असं लोक म्हणतात. नसेल. मी त्याचं काय करू?

मी दादाकडे पाहत होतो. तो मांडवात, पांढरं धोतर, मान खाली, माळ हातात घेऊन. त्याच सुमनच्या हातचा, त्याच जाळीवरचा, त्याच संध्याकाळचा सगळ्यात मोठा झिंगा त्याच्या पोटात होता. तो जिवंत होता. ठणठणीत होता. त्यानं एवढंच म्हणायचं होतं, "मीबी खाल्ला. मले काही झालं नाई." एक वाक्य. सुमन जन्मभर त्याच्याशी बोलली नाही ती रीत म्हणून. तो तिच्यासाठी बोलला नाही तो कशासाठी?

बाकी लोकांचं मी सहन केलं असतं. पण वैशूच्या सासरी बोलणं गेलं. एका लग्नात तिच्या नणंदेनं चारचौघींत म्हटलं, हिची आई किडे खाऊन मेली. वैशू मला फोनवर सांगत होती आणि रडत होती. "बाबा, आई अशी मेली का? लोकं माह्या आईले अशी आठवतीन का?" मी म्हटलं, नाई. पण माझ्या नाईला कोण विचारतं? नवऱ्याचं बोलणं ते, पक्षपाती. भासऱ्याच्या, माळकऱ्याच्या एका शब्दानं सगळं निघून गेलं असतं. आणि त्याच्या वाटीचं मी स्वतः सांगू शकत नव्हतो, कारण सुमननं मला आन घातली होती.

जाळी तर त्याच्या कितीतरी आधी गेली, तेरवीच्या आदल्या दिवशी. मी पवनारला नदीवर जाऊन आलो. परत आलो तर लिंबाला टांगलेलं भांडं नाही, तीन दगड नाहीत, जाळी नाही. वहिनी अंगण सारवत होती. "भंगारवाला आलता, भाऊजी. तुमच्या दादाच्या हातून देऊन टाकलं सारं. घरातून ते विघन गेलं पायजे." मी दादाला विचारलं, "जाळीबी?" तो म्हणाला, "हो." माझ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीचा विचार करत जगलो, दादाच्या तोंडून चारचौघांत ते एक वाक्य कसं निघेल. खोटं कशाला सांगू? सकाळी उठलो की ते, वांगी तोडताना ते, वर्ध्याच्या बाजारात जुड्या मांडताना ते. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी लागतं उठायला. कोणाला नातू लागतो, कोणाला देव. मला हा कार्तिक लागत होता.

शेवंता परवा आली. दारात गाडी थांबली, ती उतरली नाही. मला पाहून पदर सावरला. "घेता का, काकाजी? बाईची आठवण येते वो. बाई भाव करत नव्हती, हात लावून पाहे आन घेई." मी सगळ्यात मोठे काढायला लावले.

मी काही रांधलेलं नाही जन्मात. लसूण सोलला. सांबार उपटून आणला, मुळ्या धुतल्या, पाट्यावर वाटताना मिरची डोळ्यात गेली. वाळली झिंगी भिजवली. जाळी नव्हती, म्हणून बंद पडलेल्या कूलरच्या खालचा सळयांचा स्टँड आडवा केला. आणि बरोबर त्या वेळी अंगणात दगड मांडले, जेव्हा वहिनीच्या भजनातल्या बाया आमच्या अंगणात जमतात. यंदा देवळाचं काम निघालं आहे, भजन आमच्याच अंगणात आहे. मला ते माहीत होतं म्हणूनच मांडले.

बाया येऊन सतरंजीवर बसल्या. पेटी ठेवली. मी निखारे फुंकले. कूलरच्या सळयांतलं अंतर मोठं, दोन झिंगे सरळ निखाऱ्यात पडले, उरलेले एका बाजूनं करपले. सुमनच्या हातचा तो वास आला नाही, जळका वास आला. एका बाईनं नाकाला पदर लावला, मग सगळ्यांनी लावला.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, टाळ हातात, "एक गेली तरी अक्कल नाई आली? का तुमालेबी जाचं हाय?"

"जाचं असतं तं गेल्या सालीच गेलो असतो, वहिनी. मीबी खाल्ले होते."

"तुमाले नाई धरलं, तिले धरलं. भाजणारीले धरते."

"आन खाणाऱ्याले?"

मी दादाकडे पाहिलं. तो पेटीशेजारी बसला होता. त्यानं गळ्यातली माळ मुठीत धरली. बोल, म्हटलं मनात. बोल लेका. आता बोल, मी सारं सोडून देतो. माझ्या जिभेवर वाटी होती, गव्हाण होती, भाकरीचा तुकडा होता, सारं होतं. सुमनची आन आडवी. दादा उठला, चष्मा शोधायला म्हणून आत गेला. भजन सुरू झालं. मी तिथंच बसून करपलेले झिंगे सोलत राहिलो, बोटं भाजली तरी.

बाया गेल्या. वहिनी दिवा लावायला आत गेली. मी दगड उचलून कोठ्यामागं नेत होतो, तर दादा जनावरांच्या भुशाच्या, कुटाराच्या ढिगातून बाहेर आला. अंगभर कुटार. हातात बारदान्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. त्यानं ते माझ्या पायाशी ठेवलं. मी बारदाना उलगडला.

जाळी होती. गंजलेली, पण तीच. दमणीच्या धावेची, दोन्हीकडे कड्या.

"भंगारात द्याचं जिवावर आलं," तो म्हणाला. "तुह्या वहिनीले म्हटलं देली. इथं दाबून ठेवली."

"सालभर?"

"सालभर."

तो गव्हाणीच्या कडेला बसला, आपल्या जुन्या जागी. माझ्या ताटलीतला एक करपलेला झिंगा उचलला आणि सालासकट चावला. "तिच्या हातची गोठच अलग होती, किसना. सुमनच्या हातची." पहिल्यांदा त्यानं तिचं नाव घेतलं. ती असताना कधी घेतलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मिरचीचं नव्हतं, चटणी त्यानं घेतलीच नव्हती.

माणसाला वाटेल, इथं माझा राग गेला असेल. नाही गेला. उलट आला. म्हणजे याला सगळं कळत होतं. ज्याला कळत नाही त्याला माणूस माफ करतो, बैलाला करतो, लेकराला करतो. यानं जाळी लपवली, जीभ लपवली, आणि अश्रूसुद्धा कोठ्यामागं येऊन गाळले, जिथं तो झिंगे खायचा तिथंच. सुमनचं सगळं यानं मागं खाल्लं.

मी म्हटलं, "मयतीत एक शब्द बोलला असता तं."

"तुले तुह्या वहिनीचा सोभाव मालूम हाय ना."

"हाय मालूम. तिचाबी हाय, तुहाबी हाय."

तो उठला, धोतरावरचं कुटार झटकलं. जाता जाता वळून म्हणाला, "आतच ठेवजो. तिले दिसू देऊ नको. तिनं पाह्यली तं इचारल, अन् मंग मले सारंच सांगा लागल."

मी जाळी उचलून काखेत घेतली. तो ते हो समजला.

सकाळी मी लवकर उठलो. जाळी अंगणातल्या नळावर आणली, दोघांच्या सामाईक नळावर, जिथून वहिनी तुळशीचं पाणी भरते. राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, आणि सुमन घासायची तशी घासली, पट्टी पट्टी, कोपरे, कड्या. गंज पाण्याबरोबर तांबडा होऊन अंगणभर गेला. मग तेलाचं बोट फिरवलं. आता लोखंडाला ऊन पाहिजे. आमच्या अंगणात सकाळचं ऊन पहिल्यांदा कुठं पडतं, तर तुळशीच्या ओट्यावर. मी जाळी तिथं वाळत घातली. आणि बाजेवर सूप घेऊन लसूण सोलत बसलो.

वहिनी न्हाऊन, ओल्या केसांनी, लोटा घेऊन आली. ओट्याशी थांबली. जाळीकडे पाहिलं. ही जाळी तिनं स्वतः दादाच्या हातात दिली होती, भंगारात घालायला. तिनं जाळीच्या कडीला बोट लावलं, जसं कोणी ताप पाहतं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पाकळीची साल काढत होतो. मी तोंड उघडलं नाही. सुमनला शब्द दिला होता, तो मी पाळला.

लोटा तिच्या हातात तसाच भरलेला होता. तिनं मान वळवली, आपल्या दाराकडे, आणि हाक मारली. मला नाही. दादाला.